समितीचा जवळचा नंबर

...आणि वर तोंड करून म्हणतात कसे, तर ‘हे सगळं तुमच्याच हितासाठी आहे!’ अहो, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालो मी, माझं हित कशात आहे ते मला कळत नाही का? हसा, हसा... तुमचं काय जातंय हसायला, तुमची सही अजून व्हायचीय! तुम्हाला सांगतो, ज्या दिवशी कुणी गोड आवाजात ‘तुमच्याच हितासाठी’ म्हणेल ना, त्या दिवशी आधी खिसा चाचपायचा आणि मग डोळे तपासून घ्यायचे. डोळे माझ्याकडे तपासा. तपासणी फुकट, काचांचे पैसे पडतील. हो, चष्म्यांचं दुकान आहे माझं. तेहतीस वर्षं झाली, या गल्लीतल्या निम्म्या नाकांवर माझा माल बसलाय.

आता माझी एक पद्धत आहे, ती आधी ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला काहीतरी वाचायला द्यावं लागतं, बरोबर? बाकीचे दुकानदार छापील तक्ता देतात. माझ्याकडेही होता, तो वाळवीनं खाल्ला. मग त्या दिवशी हाताला लागलं ते दिलं, आणि काय सांगू, रत्न सापडलं! बँकेच्या फॉर्मचं मागचं पान! ‘अटी व शर्ती’! त्याहून बारीक अक्षर छापणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तेव्हापासून माझा नियमच झाला, नवव्या अटीपर्यंत वाचता आलं की नंबर बरोबर, बिल फाडायचं. एक रिटायर्ड मास्तर तर वाचत वाचत चौदाव्या अटीपर्यंत पोचले, ताडकन उठले आणि ट्रायल फ्रेम नाकावर तशीच ठेवून बँकेत खातं बंद करायला गेले. फ्रेम परत मिळवायला मला आठ दिवस लागले! तर सांगायचं काय, दिवसातून दहा वेळा ते पान ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालंय. झोपेत उठवून विचारा, ‘अर्जदाराने वरील मजकूर वाचून व समजून घेतला असून...’ पुढचं घडाघडा म्हणतो. आणि अशा माणसाची सख्खी बहीण त्याच पानावर फसते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ताई माझी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अडुसष्ट पूर्ण. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली तिनं, अख्ख्या शहराचे फोन जोडून दिले, कुणाला ताटकळत ठेवलं नाही. लग्न केलं नाही. राहते आमच्याच दुकानाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बासष्ट पायऱ्या. मी नाही मोजल्या, ती मोजते, मोठ्यानं, येताना आणि जाताना, आणि चाळिसाव्या पायरीवर थांबून गुडघ्यांचा उद्धार करते. समोरच्या इमारतीत तळमजल्याला दोन खोल्या रिकाम्या होत्या. छान हवेशीर, दारात नळ. तिचा साधा हिशोब, आयुष्यभराची पुंजी बँकेत मुदत ठेवीत टाकायची, व्याज येईल त्यात त्या खोल्यांचं भाडं भागवायचं, आणि उरलेलं आयुष्य पायऱ्या न मोजता काढायचं. मागणं काही मोठं नव्हतं हो!

गेली बँकेत. तिथे एक पोरगेला साहेब आहे, आम्ही त्याला हसरा म्हणतो, कारण त्याचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नाही. “या आई, बसा आई, पाणी आणू आई?” अहो, चौतीस वर्षं ‘हॅलो’ शिवाय दुसरं काही न ऐकलेली बाई ती, आई म्हटल्यावर विरघळली! “मुदत ठेव कशाला आई, मुदत ठेवीपेक्षा चांगली योजना आहे, खास तुमच्यासाठी, तुमच्याच हितासाठी!” आणि पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या, “इथे सही, इथे सही आणि इथे.” ताई म्हणाली, “थांब रे बाळा, वाचते.” आणि पर्समध्ये हात घालते तर चष्मा नाही. कुठे होता चष्मा? माझ्या दुकानात! दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. सकाळी दिला होता तिनं, मी म्हटलं, “संध्याकाळी ने गं, काय घाई आहे.” एका स्क्रूचं काम! दोन मिनिटांचं! तुम्हाला सांगतो, तेव्हापासून स्क्रूचं काम मी उभ्या उभ्या करून देतो.

संध्याकाळी चष्मा न्यायला आली, कागद माझ्या पुढ्यात टाकला. मी वाचला. पुन्हा वाचला. म्हटलं, “ताई, ही मुदत ठेव नाही. हा विमा आहे. पैसे वीस वर्षं अडकले.” “वीस?” “वीस. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मिळतील, दुप्पट होऊन. मध्येच मोडलं तर निम्मे कापणार, आणि मध्येच तू... म्हणजे तुला काही झालं तर मलासुद्धा निम्मेच.” ताई म्हणाली, “म्हणजे मला त्यांनी मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही.”

दुसऱ्या दिवशी गेलो दोघं बँकेत. हसरा तसाच हसतोय. मी म्हटलं, “अहो, तुमचं वय काय, तिचं वय काय, वीस वर्षांची योजना अडुसष्टच्या बाईला?” तर म्हणतो, “सर, हल्ली लोक खूप जगतात!” म्हटलं, “तिला हे सांगितलं का नाही?” “सही आहे ना सर, सही म्हणजे सांगितलं.” मग ताईनं त्यांच्या तक्रार केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं कानाला लावून बसली, तिकडून एक बाई गाणं गाऊन सांगतेय, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे...” ताई फोन ठेवून म्हणाली, “आमच्या वेळी असं वागलो असतो ना, तर सुपरवायझरनं केसाला धरून बाहेर काढलं असतं.”

तेव्हा धावून आले कलमकाका. दुसऱ्या मजल्यावर राहतात, कोर्टात कारकून होते, त्यांच्याशी काहीही बोला, कलमाशिवाय उत्तर नाही. नळाला पाणी आलं नाही तरी आधी कलम सांगतात, मग बादली उचलतात. काका म्हणाले, “घाबरता काय? कायदा तुमच्या बाजूनं आहे! समजावून सांगितलं होतं हे बँकेनं सिद्ध करायचं असतं. नाही जमलं की पैसे परत, व्याजासकट!” सरकारी तक्रार कार्यालयात तक्रार केली. दोन महिन्यांनंतरची तारीख पडली. आणि तुम्हाला सांगतो, ताईच्या चेहऱ्यावर इतकं तेज आलं की तिनं समोरच्या घरमालकाकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली, आणि पडद्यांसाठी खिडक्यांची मापंसुद्धा! माझ्याकडचीच फूटपट्टी घेऊन गेली होती.

आणि मग आलं विधेयक! सकाळी सकाळी कलमकाका वर्तमानपत्र नाचवत दुकानात, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. ‘ग्राहक वित्तीय संरक्षण सुलभीकरण विधेयक.’ मी म्हटलं, “सुलभ होतंय तर चांगलं आहे की!” काका ओरडले, “सुलभ कुणाला, ते वाच! कलम अकरा वाच!” वाचलं. कलम अकरा म्हणतं, ग्राहकाची सही असेल तर त्याला सगळं समजावून सांगितलं होतं असंच धरायचं. बँकेनं काही सिद्ध करायचं नाही. तुम्हाला कळलं नव्हतं, हे तुम्हीच सिद्ध करा! अहो, न कळलेलं कसं सिद्ध करायचं? कळलं असतं तर सिद्ध करता आलं असतं ना! आणि खाली पोटकलम, पडून असलेल्या तक्रारींनाही हेच लागू. म्हणजे ताईची तारीख यायच्या आत हा कायदा झाला की ताई संपली. आणि विधेयकाच्या डोक्यावर पहिलंच वाक्य काय? ‘ग्राहकांच्या हितासाठी!’ म्हणजे आमचं हित करायला आता हसऱ्याच्या जोडीला अख्खं सभागृह!

पण एक गोष्ट बरी होती. विधेयक समितीकडे गेलं होतं आणि समितीनं लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. जाऊन बोलायचं, तीन मिनिटं. ताईला बासष्ट पायऱ्या आणि वर बसचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून मी जायचं ठरलं. तयारी केली हो मी! ताईच्या स्वयंपाकघरात, गॅसवर चहा उकळतोय, ताई अध्यक्ष होऊन स्टुलावर बसलीय, काका घड्याळ धरून. मी सुरू केलं की अडीच मिनिटं ‘सन्माननीय’ मध्येच जायची! शेवटी ताईनंच कागद ओढला आणि एक वाक्य लिहिलं, “कलम अकरा वगळा. सही म्हणजे समज नव्हे.” म्हणाली, “बाळ्या, बाकी काही विसरलास तरी चालेल, एवढं म्हण.” या वयात मला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरलीय.

गेलो. काय ती खोली! लांबलचक टेबल, नऊ खुर्च्या, पाच सदस्य. एक झोपलेले, एक फोनवर, एक बाई डोकं दाबत बसलेल्या, एक बिस्किटाचा पुडा आवाज न करता फोडायच्या प्रयत्नात. मधोमध अध्यक्ष. माझ्याआधी बँकवाल्यांच्या संघटनेचा माणूस, सूटवाला. त्याला तीन मिनिटं नाहीत बरं का, तो ‘तज्ज्ञ’! चाळीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवत होता, समुद्रकाठी हसणारे म्हातारा-म्हातारी वगैरे. म्हणतो, “आजचा ग्राहक सुजाण आहे! तो वाचून, समजून सही करतो! अशा ग्राहकाला पुन्हा पुन्हा समजावून सांगणं हा त्याचा अपमान आहे!” सगळ्यांनी माना डोलावल्या, झोपलेल्यांनीसुद्धा. म्हणजे आम्ही फसलो तरी चालेल, पण आमचा अपमान होता कामा नये!

मग माझं नाव पुकारलं. समोर एक दिवा, हिरवा. तांबडा झाला की गप्प बसायचं. मागे प्रेक्षकांत कलमकाका. हातात ताईचा कागद. तोंड उघडलं, “सन्माननीय...” आणि माझं लक्ष गेलं अध्यक्षांकडे. त्यांनी विधेयक हातात धरलं होतं, असं... हात पूर्ण लांब करून, मान मागे, डोळे बारीक. अहो, तेहतीस वर्षांची सवय! तोंडातून निघूनच गेलं, “साहेब, प्लस दोन तरी असणार.” अध्यक्ष म्हणाले, “काय?” म्हटलं, “जवळचा नंबर. हे वाचा बरं!” आणि खिशातलं ते पान, अटी व शर्तींचं, दिलं त्यांच्या हातात. “नवव्या अटीपर्यंत वाचून दाखवा.”

वाचायला लागले. “अर्ज... अर्जदार... हे काय, मुंग्या आहेत का?” खोलीत खसखस पिकली. आता इथं मी ताईचं वाक्य म्हणायला हवं होतं. तोच क्षण होता! पण बॅग होती ना माझ्याबरोबर, बॅग घेतल्याशिवाय मी लग्नालासुद्धा जात नाही. काढली ट्रायल फ्रेम, चढवली अध्यक्षांच्या नाकावर, काच टाकली. “आता?” “धूसर.” दुसरी टाकली. “आता?” “अहाहा!” आणि अध्यक्ष खणखणीत आवाजात वाचू लागले, “मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास पन्नास टक्के... पन्नास? हे असं लिहिलेलं असतं?” मी म्हटलं, “असतं साहेब, वर्षानुवर्षं असतं.” त्या डोकं दाबणाऱ्या बाई उठल्या, “अहो, माझंही बघा ना, परवापासून कपाळ ठणकतंय.” बिस्किटवाले आले. फोनवाल्यांनी फोन ठेवला. झोपलेले जागे झाले आणि आधी नंबर लावायला भांडायला लागले! दिवा केव्हाच तांबडा झाला होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाचे डोळे मोकळे होते? शेवटी तो सूटवाला हळूच माझ्या कानाशी, “मलाही जरा... संध्याकाळी फार त्रास होतो.” त्याला फ्रेम लावली, त्यानं आपलंच पान वाचलं आणि म्हणतो काय, “हे आम्ही लिहिलंय?”

तुम्हाला सांगतो, माणूस कुठे घसरतो बघा. मी फुललो होतो! आयुष्यात पहिल्यांदा पाच लोकप्रतिनिधी माझ्यासमोर हनुवटी वर करून बसले होते. बाईंना गोल फ्रेम, बिस्किटवाल्यांना बायफोकल, सूटवाल्याला बिनकाठाची, सगळ्या ऑर्डरी मी भराभर लिहून घेत होतो. कशावर? हातातल्या कागदावर, मागच्या बाजूला. सहा चष्मे! दिवसभराचा धंदा अर्ध्या तासात! मागून कलमकाका दोन्ही पंजे दाखवतायत, मग एक बोट, पुन्हा दोन्ही पंजे, पुन्हा एक बोट. बोलायची परवानगी नाही ना प्रेक्षकांना! मला वाटलं, कौतुक करतायत. मीही हात हलवला.

अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, “वा! आज प्रथमच कुणी समितीला काही दाखवून दिलं. आता तुमची सूचना एका वाक्यात सांगा, जशीच्या तशी नोंदवून घेतो.” मी कागदाकडे पाहिलं. ऑर्डरींची बाजू वर होती. ‘गोल, तपकिरी, मायनस पाऊण.’ आणि माझ्या तोंडून... काय सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडून निघालं, “अक्षरं मोठी करा, साहेब!” टाळ्या! झोपणाऱ्यांनी तर टेबल वाजवलं! मी मुजरा करून बाहेर पडलो. काका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. एवढंच म्हणाले, “अकरा. कलम अकरा, गाढवा.”

मग सुचलं हो! पळत परत गेलो, तर शिपाई दाराला कुलूप घालतोय. लेखी हरकती पाच वाजेपर्यंत घेणार होते, घड्याळात साडेसहा. बासष्ट पायऱ्या चढून वर गेलो. ताईनं दार उघडलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि विचारलं, “म्हणालास का रे?” मी खाली मान घालून कागद पुढे केला. तिनं एक बाजू वाचली, उलटवली, दुसरी वाचली. म्हणाली, “सहा चष्मे.” बस. ओरडली असती तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते तिसऱ्या मजल्यावर कळलं.

विधेयक मंजूर झालं. चार मिनिटांत, आवाजी मतदानानं. माझा चष्मा लावून अध्यक्षांनी अहवाल वाचला, एकसुद्धा अक्षर न अडखळता! कलम अकरा जसंच्या तसं. फक्त एक दुरुस्ती, ‘सर्व अटी व शर्ती ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्यात याव्यात.’ आणि मंत्री उभे राहून म्हणाले, “सामान्य ग्राहकाच्या प्रतिनिधीची सूचना आम्ही पूर्णपणे स्वीकारली आहे, ग्राहकाच्याच हितासाठी!” प्रतिनिधी म्हणजे मी! अटी त्याच, टक्के तेच, फक्त अक्षरं लांबून दिसायला लागली. पूर्वी न वाचता फसायची सोय होती, नशिबाला बोल लावता यायचा. आता स्वच्छ वाचून फसायचं. पंधरा दिवसांनी ताईला तक्रार कार्यालयाचं पत्र आलं, नव्या नियमाप्रमाणे टपोऱ्या अक्षरांत. ताईनं पलंगावर बसूनच वाचलं, चष्मा टेबलावर. “किती स्पष्ट लिहिलंय रे! तक्रार निकाली.” समोरच्या खोल्यांत नवं जोडपं राहायला आलं. पिवळे पडदे लावलेत. ताई वरून बघते आणि म्हणते, “मापं माझीच आहेत.”

मला वाटलं, खचेल. पण चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली बाई ती! एके सकाळी कमरेला पदर खोचून म्हणाली, “अठ्ठ्याऐंशी ना? मग मी अठ्ठ्याऐंशीच्या आत मरतच नाही. निम्मे पैसे त्या मेल्यांना ठेवायला मी काय मूर्ख आहे?” झालं! साखर बंद, तळण बंद. त्याच बासष्ट पायऱ्या आता व्यायाम म्हणून, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला महिना रडकुंडीला आली, मला बघवेना. तिसऱ्या महिन्यात चाळिसाव्या पायरीवर थांबायची बंद झाली. डॉक्टर तोंडात बोट घालून बसलेत! आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती बँकेत जाते, पैसे काढायला नाही, नुसती हसऱ्यासमोर जाऊन उभी राहते. “बघून ठेव. आहे अजून.” मला बरोबर नेते, साक्षीदार म्हणून.

परवा गेलो तर हसरा उठून उभा! आपादमस्तक तिच्याकडे बघतो आणि हसतो, “आई! काय तब्येत झालीय! गुडघे बरे, साखर बरी, दहा वर्षांनी लहान दिसताय! मी म्हटलं नव्हतं? ही योजना तुमच्याच हितासाठी होती!” ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी छाती भरून श्वास घेतला, म्हटलं, आज सोडायचा नाही याला! तोंड उघडलं... आणि त्याच्या डोक्यावरची पाटी दिसली. ‘कर्मचाऱ्यांशी वाद घालणाऱ्या ग्राहकास सेवा नाकारली जाईल.’ हे एवढं एवढं अक्षर, रस्त्यावरून दिसेल असं! मिटलं तोंड. काय करणार? दिसलं नाही म्हणायची सोय नाही... अक्षरं मोठी करा म्हणून सांगणारा मीच ना!